एकाच हाताने खेळणाऱ्या लेकासाठी फेल्टची खेळणी: कमी खर्चात कशी करू?

कोयनाकाठ

नमस्कार. मी कराडची. लेक साडेचार वर्षांचा आहे. सातव्या महिन्यातच जन्मला, महिनाभर काचेच्या पेटीत होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, उजव्या बाजूला. डॉक्टरांच्या कागदावर हेमिप्लेजिया लिहिलंय, म्हणजे अंगाची एकच बाजू कमजोर. स्प्लिंट घालून चालतो, बोलतो तर दिवसभर. पण उजव्या हाताची मूठ वळलेली असते आणि अंगठा आत दडलेला. डावा हात इतका तरबेज झालाय की उजव्याला काही कामच राहिलं नाही. बिस्किटाचा पुडा गुडघ्यांत धरतो आणि दातांनी फोडतो. आंघोळ घालताना मी उजव्या हाताला साबण लावत विचारते, "हा कुणाचा हात?" तर म्हणतो, "तुझा."

आठवड्यातून एकदा साताऱ्याला थेरपीला जातो. तिथल्या ताई सांगतात, घरी रोज पंधरा-वीस मिनिटं दोन हातांचं काम द्या. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने करायचं. मला ते पटतं, पण काम म्हटलं की तो पळतो. खेळ असेल तरच बसतो.

मागच्या दिवाळीत ऑनलाइन एक संच मागवला होता, १,४०० रुपयांचा. लाकडी मणी, ओवायची दोरी आणि बरीच कोडी. मणी गुळगुळीत, उजव्या मुठीत थांबेनात. कोड्यांवर लाल कोठाराची आणि टर्कीची चित्रं. त्याने विचारलं हा कुठला कोंबडा, मला सांगता आलं नाही. चौथ्या दिवशी संच कपाटावर गेला तो अजून तिथंच आहे. १,४०० रुपये आमच्या घरात लहान रक्कम नाही.

त्याला वेड आहे एसटीचं. साताऱ्याला जाताना माझं अर्धं तिकीट, त्याचं वयामुळे लागत नाही, पण तो हट्टाने मागतो. मग एखादे कंडक्टर काका खाली पडलेलं जुनं तिकीट उचलून देतात. अशी सदतीस तिकिटं घरी डब्यात आहेत. म्हणून वाटतंय की फेल्टची, म्हणजे त्या जाड मऊ कापडाची, एसटी करावी. खिडक्यांमध्ये माणसं बसवायची आणि उतरवायची.

मी हाताने शिवते, मशीन नाही. फेल्ट कोणतं घ्यायचं, आत काय भरायचं, काही कळत नाही. त्याची लाळ गळते आणि हातात येईल ते तोंडात जातं, हेही सांगून ठेवते. तीनशे रुपयांच्या आत बसायला हवं. कुणी केलं असेल तर सांगा.

ओटी, नाशिक

ताई, मी अकरा वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. एसटीची कल्पना सोडू नका. मी त्यावर विचार करत बसले होते, म्हणून उत्तर लांबलंय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. बसमध्ये पुठ्ठा घालू नका आणि ती टेबलाला चिकटवूही नका. तुमचा हात नेमका तिकडेच जाईल, कारण ताठ उभी राहिलेली बस छान दिसते. पण ताठ बस एका हाताने खेळता येते. आपल्याला ढिली बस हवी, अंगात जीव नसल्यासारखी. डाव्या हाताने प्रवासी आत सरकवायला गेला की बस पुढे पळाली पाहिजे. तेव्हा त्याला ती कशाने तरी दाबावी लागेल. तुम्ही सांगण्याऐवजी खेळण्याने सांगितलं की मुलं चिडत नाहीत.

सुरुवातीला तो कोपराखालच्या भागाने दाबेल. चालेल. मग मनगट, मग मूठ, आणि पकड सगळ्यात शेवटी. कोपराने दाबतोय म्हणून टोकू नका. त्या हाताने कामात भाग घेतला, हीच पहिली पायरी आहे.

मूठ उघडताना बोटं ओढू नका. ओढलं की ती आणखी आवळतात. मनगट हलकेच खाली, तळहाताच्या बाजूला वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. अंगठा टोकाला धरून काढायचा नाही, बुडाशी धरून बाहेर घ्यायचा. हे तुमच्या ताईंकडून एकदा समोर करून घ्या, वाचून करण्यासारखं नाही.

बसला मागे एक मूठ शिवा. लाटण्याच्या मुठीएवढी जाड, फेल्टची गच्च गुंडाळी. बारीक दोरी दिलीत तर बोटं आणखी आत वळतील. आणि टेबल त्याच्या कोपराच्या उंचीचं असू द्या, पाय जमिनीला टेकलेले हवेत. पाय लोंबकळत असले की सगळं अंग ताठ होतं आणि हाताचं काम बिघडतं.

एक विनंती. कुणी सांगेल की चांगला हात बांधून ठेवा म्हणजे दुसरा चालेल. त्या पद्धतीचे उपचार आहेत, पण ते थेरपिस्टच्या देखरेखीखाली, ठरावीक वेळेपुरते. घरी स्वतःहून करू नका. मूल घाबरतं आणि हाताचाच राग धरतं.

डोंबिवलीकर आई

माझी मुलगी अकरा वर्षांची, ऑटिझम आहे. तिच्यासाठी मी सहा वर्षांत फेल्टचं बरंच काही शिवलं, म्हणून थोडं वेगळं सांगते. लाळ गळणाऱ्या मुलाला सगळंच फेल्टचं देऊ नका. बाजारातलं बहुतेक फेल्ट पॉलिस्टरचं असतं. ओलं झालं की त्यावर बारीक गोळे येतात आणि चघळलं तर धागे तोंडात सुटतात. वास राहतो तो वेगळाच.

मी असं करते: जे तोंडात जाणार ते जुन्या सुती टी-शर्टचं, जे टेबलावर राहणार ते फेल्टचं. तुमच्या बाबतीत बस फेल्टची, प्रवासी सुती कापडाचे. प्रवाशांच्या पाठीला तेवढा फेल्टचा तुकडा लावा.

डोळे मण्यांचे किंवा बटणांचे नकोत. मी पहिल्या सशाला काळे मणी लावले होते. तासाभरात एक डोळा गायब झाला. तो सोफ्याखाली सापडेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. तेव्हापासून डोळे दोऱ्याने भरते. मी प्रत्येक सुटा तुकडा टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून टाकून बघते. त्यातून आरपार पडला तर तो घशात अडकण्याएवढा लहान, असं मी धरते. लोहचुंबक तर अजिबात नको. कितीही लहान आणि कितीही पक्का शिवलेला असला तरी नको. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना ओढतात, आतड्याला भोक पडतं, ऑपरेशनची वेळ येते.

आणखी एक. काही मुलांना फेल्टचा स्पर्श सहन होत नाही. माझ्या मुलीला दोन वर्षं झाला नाही, दात आंबल्यासारखं तोंड करायची. मीटरभर आणण्याआधी एक छोटा तुकडा त्याच्या गालाला लावून बघा.

कोयनाकाठ

दोघींचे खूप आभार. नाशिकच्या ताई, मी खरंच पुठ्ठा कापून ठेवला होता. काढून टाकला. डोंबिवलीच्या ताई, तुकडा आणला, त्याने गालाला लावला आणि "मांजर" म्हणाला. म्हणजे चालेल.

आता फेल्ट कोणतं ते सांगा. दुकानात दोन प्रकार दिसले, एक मऊ आणि एक पुठ्ठ्यासारखं कडक. मऊ कागदाच्या आकाराचं, एक शीट २० रुपये.

सुईदोरा

मी लातूरला घरी शिवणकाम करते. मऊच घ्या. कडक फेल्ट पिशव्यांच्या बुडाला बरं. हाताने शिवताना त्यात सुई वाकते, बोट दुखतं. मऊ घेताना उजेडासमोर धरून बघा. पलीकडची खिडकी दिसली तर ते विरळ आहे, आठ दिवसांत फाटेल.

फेल्टचं सुख हे की ते विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात. म्हणून कापलं तरी कडेला सुतं सुटत नाहीत. दुमडायचं नाही, हेम घालायचं नाही. कातर मात्र धारेची हवी, कागद कापायची नको. दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेने काजाचा टाका घाला, जो आपण काज करताना घालतो तोच, फक्त अर्धा सेंटिमीटर अंतराने. धावदोरा घालू नका, मूल ओढतं तेव्हा तो चुणतो. दोरा दुहेरी घ्या. जिथे मूठ आणि बस जोडाल तिथे तीनदा फिरा.

फेविकॉलने चिकटवलेलं पहिल्या धुण्यात निघतं. चिकटवायचंच नाही, सगळं शिवायचं. धुताना गार पाणी, घासायचं नाही, दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही, आडवं वाळवायचं. इस्त्री थेट लावलीत तर पॉलिस्टर वितळून इस्त्रीला चिकटेल. लाल रंग आणाल तर आधी एक तुकडा ओला करून पांढऱ्या कपड्यात दाबून ठेवा. रंग लागला तर दुसरं आणा, कारण ते त्याच्या तोंडाजवळ जाणार.

भरायला विकत काही आणू नका. जवळच्या कुठल्याही शिंप्याकडे पिशवी घेऊन जा, चिंध्या फुकट मिळतात. त्यांचे बोटभर तुकडे करा, नाहीतर आत गाठी होतात. मुठीत मात्र चिंधीची सलग पट्टी गच्च गुंडाळा, पोकळ राहायला नको.

खिडक्यांना वेलक्रो लावणार असाल तर एक सांगते. वेलक्रोचा खरबरीत भाग फेल्टला थेट धरतो, मऊ भाग लागतच नाही. निम्मा खर्च वाचतो. पण फार मोठा तुकडा लावू नका.

निवृत्त गुरुजी, गडहिंग्लज

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. तुमचा प्रश्न वाचून डी.एड.चे दिवस आठवले. तेव्हा आम्ही फलालीन फलक करायचो. प्लायवुडवर फलालीन ताणून बसवायचं, चित्रं कागदाची, आणि चित्राच्या पाठीला पॉलिश पेपरचा तुकडा. चित्र नुसतं टेकवलं की धरून राहायचं. फेल्टवर फेल्टही तसंच धरतं, तंतूंत तंतू अडकतात. फलक सरळ उभा नको, जरा मागे कललेला हवा, नाहीतर चित्रं गळतात.

माझ्या वर्गात १९९० च्या सुमारास एक मुलगी होती, तिचे दोन्ही हात नीट चालत नसत. पाटीवर पेन्सिल धरता येत नव्हती. फलकावर मात्र ती मनगटाने ढकलत ढकलत आठवडी बाजार मांडायची. वांगी इकडे, मिरच्या तिकडे, मधे बैल. बाकीची पोरं तिच्याकडून बाजार शिकली. तिला वाचता येतं हे मला त्या फलकामुळे कळलं, एरवी मी तिला अक्षरं विचारणंच सोडून दिलं होतं. त्याचं वाईट आजही वाटतं.

फेल्ट आपल्याकडे नवीन नाही, हेही सांगतो. आमच्या भागात धनगरांच्या घरी घोंगडी असायची तशी जेनही असायची. घोंगडी विणतात. जेन विणत नाहीत. लोकर पिंजायची, पसरायची, पाणी मारून गुंडाळायची आणि दाबत लाटत राहायची, तंतू आपोआप एकमेकांत गुंततात. लहानपणी मी पाहिलं आहे, चार माणसं ओळीने बसून हातांनी गुंडाळी पुढेमागे लोटत. दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचते, त्यामुळे बाळाच्या खेळण्याला उपयोगाची नाही. पण ताई, घरात कुणाचा जुना लोकरीचा स्वेटर असेल तर बघा. अस्सल लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात साबण लावून चोळला की आटतो आणि जाड फेल्ट होतं, मग तो हवा तसा कापा, उसवत नाही. कॅशमिलॉनचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा असेल तर काही होणार नाही. ओळखायचं कसं, तर एक धागा जाळा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत भुगा झाली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कॅशमिलॉन.

एसटीप्रेमी ७२

ताई, बसमध्ये घंटीची दोरी नक्की लावा. एसटी आणि घंटी नाही असं व्हायला नको.

ओटी, नाशिक

वरच्या प्रतिसादाला माझा जोरदार पाठिंबा! दोरी बसच्या उजव्या टोकाला लावा, म्हणजे डावा हात तिथे सहज पोहोचणार नाही. टोकाला कापडाची जाड कडी, मनगटात अडकेल एवढी. बोटांनी धरता आलं नाही तरी मनगटाने ओढता येईल. घुंगरू दुहेरी कापडाच्या पिशवीत शिवून ती पिशवी बसच्या आत शिवा. दोरी आखूड ठेवा, वीतभरापेक्षा कमी, म्हणजे गळ्याभोवती जाणार नाही. खेळ झाला की बस उचलून ठेवा, झोपताना जवळ नको.

आणखी एक, हे खेळण्याबद्दल नाही. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात. तिथे नाव नोंदवलेलं नसेल तर विचारून बघा. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. तो पाच वर्षांचा होऊन तिकीट लागू लागलं की एसटीच्या सवलतीला उपयोग होईल.

कोयनाकाठ

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. बस झाली.

लाल फेल्टची दोन शीटं, पांढरं एक, पिवळं एक, काळं एक, मिळून १०० रुपये. वेलक्रो ३०, दोऱ्याची दोन रिळं २०, घुंगरू १०. एकूण १६० रुपये. चिंध्या शिंपीदादांनी दिल्या, कशासाठी ते विचारून वर खाकी कापडाचा तुकडा दिला, "कंडक्टरला" म्हणून. प्रवासी माझ्या जुन्या सुती परकराचे. त्यात एक नऊवारीतली आजी आहे, एक कॉलेजची मुलगी, एक डब्बेवाले काका. शेळीही आहे. शेळीला एसटीत घेत नाहीत असं मी म्हटलं, तर तो म्हणाला ही घेतात.

बस एक फूट लांब, आठ इंच उंच. पाच खिडक्या. प्रत्येक खिडकी म्हणजे पांढरा खिसा, वरून उघडा. प्रवासी बोटभर रुंद नाहीत, चांगले मोठे आहेत, नळीतून कुणी जात नाही.

पहिल्या दिवशी फसलं. मी प्रवाशांच्या पाठीला दोन इंचांचा वेलक्रो लावला होता. आजी निघेचना. ओढली की आख्खी बस वर यायची. त्याने मग बस पोटाशी धरली आणि आजीला दातांनी ओढलं. बिस्किटाच्या पुड्यासारखंच. मी रात्री सगळे वेलक्रो उसवले आणि नखाएवढे तुकडे लावले. सुईदोरा ताईंनी आधीच सांगितलं होतं, मी घाईत विसरले.

दुसऱ्या दिवसापासून बस पळायला लागली. स्टीलच्या ताटावर ठेवली होती, अजूनच घसरते. प्रवासी खिशात घालायला गेला की बस पुढे. तीन-चारदा तो चिडला, मी गप्प बसले. फार अवघड गेलं गप्प बसणं. सासूबाई मधे येऊन बस धरणार होत्या, त्यांना खुणेने थांबवलं. पाचव्या दिवशी त्याने उजवं कोपर बसवर टाकलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आजीला बसवलं, कॉलेजच्या मुलीला बसवलं, मग कोपर उचललं, बस हलली, तर स्वतःशीच म्हणाला, "ब्रेक लाव ना."

तेव्हापासून उजव्या हाताला नाव पडलंय ब्रेक. मी आता "उजवा हात ठेव" म्हणतच नाही. "घाट आलाय" म्हणते. खंबाटकी आला की तो ब्रेक लावतो. आता कोपर नाही, मूठ ठेवतो बसवर, आणि मूठ थोडी पसरते कधीकधी. मागची जाड मूठ दोनदा धरली, एकदा मोजून अकरा आकड्यांपर्यंत. परवा पोळी खाताना ताट सरकलं तर ब्रेक ताटावर ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

साताऱ्याच्या ताईंना बस दाखवायला नेली. त्यांनी कागदावर ठेवून पेन्सिलीने बाहेरून आखून घेतली, दुसऱ्या एका मुलीसाठी. तिला एसटीचं काही नाही, तिला म्हशी आवडतात. तर आता म्हैस करायची आहे, धार काढताना दोन हात लागतील अशी. कुणाला काही सुचलं तर इथेच लिहा. गुरुजी, तुमच्या बाजारातला बैल कसा कापायचात तेही सांगा, पाय फार बारीक होतात माझे.

यूडीआयडीचा अर्ज भरलाय. डीईआयसीत पुढच्या मंगळवारी बोलावलंय.

घंटीची दोरी उजव्या टोकाला आहे, ताईंनी सांगितली तशीच. कडी मनगटात अडकवून ओढतो. एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे दोन झाल्याशिवाय तो बस हलवू देत नाही. एक वाजते. दुसरीपर्यंत हात दमतो. मग तो माझ्याकडे बघतो आणि दुसरी मी तोंडाने देते.